रक्तात किती वेळ टिकते, ते आधी सांगा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीतून उसळत बाहेर येणाऱ्या लालभडक रसाला कोणीही रूळ म्हणत नाही. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून त्या गावाच्या अंगवळणी एक शिस्त पडली आहे. रसाचे पोलाद होते, पोलादाचे ठोकळे ओतले जातात, ठोकळे लाटून रूळ होतो, आणि रूळ झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. त्याचे रासायनिक घटक मोजले जातात, नमुना ताणून पाहिला जातो, त्यावर वजन पाडले जाते, श्राव्यातीत ध्वनी पाठवून पोटातील अदृश्य भेगा शोधल्या जातात. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन अधिक विरघळलेला राहिला, तर बाहेरून निर्दोष दिसणारा रूळ आतून तडकू शकतो, हे तेथील साध्या तंत्रज्ञालाही ठाऊक असते. रेल्वे रुळाची चकाकी विकत घेत नाही. गाडीखाली तो किती टिकेल, ते विकत घेते.

ही शिस्त देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये का दिसत नाही?

या वार्तांमध्ये अलीकडे 'पेप्टाइड' हा शब्द वारंवार भेटतो. अमुक संस्थेने जीवाणू मारणारे पेप्टाइड शोधले, तमुक प्रयोगशाळेच्या पेप्टाइडने कर्करोगाच्या पेशी नष्ट केल्या, आणखी एका गटाच्या पेप्टाइडने विषाणूला रोखले. बातमीत संस्थेचे नाव असते, नियतकालिकाचे नाव असते, 'भविष्यात औषध म्हणून उपयोग होण्याची शक्यता' हे ठरलेले वाक्य असते. नसते ते एवढेच : हे पेप्टाइड माणसाच्या रक्तात किती वेळ टिकते? हा आकडा वगळून दिलेली पेप्टाइडची बातमी अपुरी असते, आणि अपुरी असूनही पूर्ण असल्याचा आव आणते, म्हणून ती दिशाभूल करते.

रक्तातील पेशी बाजूला काढल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, त्याला रक्तद्रव म्हणतात. पाणी, क्षार आणि प्रथिने यांचे ते निमूट मिश्रण आहे, असा समज शालेय पाठ्यपुस्तकामुळे होतो. प्रत्यक्षात त्यात पेप्टाइडांचे तुकडे करणारी विकरे सतत हिंडत असतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. तिला दोन टोके असतात, आणि या दोन्ही टोकांवर रक्तात पहारा असतो.

मागच्या टोकाचा पहारेकरी म्हणजे कार्बॉक्सिपेप्टिडेझ-एन. यकृतात तयार होऊन ते रक्तात सोडले जाते. त्याच्या क्रियाकेंद्रात जस्ताचा अणू असतो. साखळीच्या शेवटी आर्जिनिन किंवा लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल दिसले की ते कापणे, हे त्याचे काम. ब्रॅडिकायनिन नावाचे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड रक्तवाहिन्या सैल करते, वेदना जागवते, सूज आणते. ते निष्क्रिय करणारे विकर मानवी रक्तद्रवात आहे, हे 1962 साली एर्डोश आणि स्लोन यांनी दाखवले. तेच हे विकर.

पुढच्या टोकाचा पहारेकरी म्हणजे डायपेप्टिडिल पेप्टिडेझ-4, संक्षेपाने डीपीपी-4. ते केशवाहिन्यांच्या अस्तरावर बसलेले असते आणि विरघळलेल्या रूपात रक्तद्रवातही फिरते. साखळीत दुसऱ्या जागी प्रोलिन किंवा ॲलनिन आढळले की ते पहिली दोन अमिनो आम्ले छाटून टाकते. शिवाय साखळीच्या मध्यावर घाव घालणारी इतर विकरे आहेतच, आणि लहान पेप्टाइडे गाळून बाहेर टाकणारी मूत्रपिंडेही आहेत.

या छाटणीचा हिशेब भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला परका नाही. किरणोत्सारी पदार्थाप्रमाणेच येथेही अर्धायुष्य मोजतात. उरलेल्यांपैकी निम्मे नष्ट व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-1 हे संप्रेरक स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा निरोप देते. त्याच्या मूळ रूपाचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे 2 मिनिटे किंवा त्याहूनही कमी आहे. समजा, या संप्रेरकाचे 100 कोटी रेणू रक्तात सोडले. 20 मिनिटांत दहा वेळा निम्मे होऊन 10 लाखांहून थोडे कमी उरतील. तासाभराने उरला तर एखादा. परीक्षानळीत जे पेप्टाइड 24 तास पेशींवर ठेवून 'प्रभावी' ठरवले जाते, त्याला शरीरात कदाचित 5 मिनिटांची संधी मिळणार असते. हा फरक तपशिलाचा मानून पुढे जाता येत नाही, कारण औषध ठरणे वा न ठरणे याच फरकावर अवलंबून असते.

याच जीएलपी-1 ची कहाणी विज्ञानवार्ता लिहिणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. हे पेप्टाइड इन्सुलिनचा स्राव वाढवते, हे 1987 साली स्पष्ट झाले होते. त्या दिवशी आजच्या पद्धतीची बातमी छापली गेली असती, तर 'मधुमेहावर रामबाण सापडला' असे शीर्षक सहज बसले असते. पण पेप्टाइड रक्तात टिकत नव्हते. ते का टिकत नाही, याचे उत्तर 1990 च्या दशकात मिळाले : डीपीपी-4 त्याची पुढची दोन अमिनो आम्ले कापते. 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूळ संप्रेरक पंपाने त्वचेखाली सहा आठवडे अखंड सोडत ठेवले, तेव्हा रुग्णांची साखर उतरली. संप्रेरक काम करते हे सिद्ध झाले, आणि पंप लावून जन्म काढल्याशिवाय ते निरुपयोगी आहे हेही सिद्ध झाले.

खरे औषधशास्त्र येथून सुरू झाले, आणि ते दोन वाटांनी गेले. पहिली वाट कापणाऱ्याचा हात धरण्याची. डीपीपी-4 ला रोखणारी सिटाग्लिप्टिन ही गोळी 2006 साली अमेरिकेत मान्य झाली. भारतात जुलै 2022 मध्ये तिचे पेटंट संपले, आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्या 60 रुपयांना मिळू लागल्या. एका विकराच्या अभ्यासाचे फळ सहा रुपयांच्या गोळीत उतरले, असे म्हणायला हरकत नाही. दुसरी वाट सुरीला न सापडणारी साखळी घडवण्याची. अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषातून जॉन एंग यांनी 1992 साली एक्सेंडिन-4 वेगळे केले. जीएलपी-1 शी साधर्म्य असलेल्या या पेप्टाइडात दुसऱ्या जागी ॲलनिनऐवजी ग्लायसिन असते, आणि तेथे डीपीपी-4 ची सुरी नीट चालत नाही. त्यावरून घडवलेले एक्सेनाटाइड 2005 साली बाजारात आले. तेही दिवसातून दोनदा टोचावे लागे. मग आले सेमाग्लुटाइड. त्यात दुसऱ्या जागी ॲलनिनपेक्षा एका मिथिल गटाने मोठे असे अमिनो आम्ल बसवले आहे, आणि साखळीला अठरा कार्बनांचे मेदाम्ल जोडले आहे. हे मेदाम्ल रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाला धरून राहते. परिणामी अर्धायुष्य सुमारे एक आठवडा झाले. 2 मिनिटांपासून आठवड्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच त्या औषधाचा शोध. सेमाग्लुटाइडच्या भारतातील मुख्य पेटंटाची मुदत मार्च 2026 पर्यंतची असल्याने या औषधाविषयी बरेच लिहिले जाते. किमतीची चर्चा होते, कंपन्यांची होते, वजन किती किलो घटले याची होते. ज्या एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीने हे सारे शक्य झाले, त्याला त्या मजकुरात क्वचितच जागा मिळते.

आता एका भारतीय उदाहरणाकडे वळू. 2017 च्या एप्रिलमध्ये 'उरुमिन' या पेप्टाइडने देशभरच्या विज्ञानवार्ता व्यापल्या होत्या. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाच्या त्वचेतील स्रावात ते सापडले. या बेडकाचे नवी जाती म्हणून वर्णन 2015 साली प्रसिद्ध झाले, आणि त्या कामात पुण्यातील संशोधकांचा मोठा वाटा होता. तिरुवनंतपुरमचे राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठ यांच्या गटांनी दाखवले की उरुमिन एच-1 वर्गाच्या फ्लू विषाणूंना नष्ट करते. नाकावाटे दिल्यावर त्याने उंदरांचे संरक्षणही केले. संशोधन उत्तम होते, 'इम्युनिटी' या मान्यवर नियतकालिकात आले होते, आणि केरळच्या उरुमी तलवारीवरून ठेवलेले नावही देखणे होते. एमरीच्या प्रसिद्धिपत्रकात एक प्रामाणिक कबुलीही होती : शरीरातील विकरे अशा पेप्टाइडांचे तुकडे करतात, त्यामुळे त्यांचे औषध बनवणे अवघड असते, आणि संशोधक आता ती स्थिर करण्याचे मार्ग शोधत आहेत.

पण ही कबुली पत्रकाच्या शेवटाकडे होती. शेवटचा परिच्छेद जागेअभावी सर्वांत आधी कापला जातो, हे वृत्तपत्रसृष्टीत कोणालाही सांगावे लागत नाही. डीपीपी-4 साखळीची पुढची दोन अमिनो आम्ले कापते. बातमीचे विकर मागून कापते, आणि कापताना नेमके तेच वाक्य छाटते ज्यावर साऱ्या दाव्याचे भवितव्य अवलंबून असते. जे वाक्य शीर्षकाखालच्या पहिल्या ओळीत हवे, ते शेवटी ठेवणारी संस्था आणि ते गाळणारे संपादन, दोघेही या दिशाभुलीचे भागीदार आहेत.

या टीकेवर तीन उत्तरे ठरलेली असतात. तिन्ही तपासून पाहावीत.

पहिले उत्तर : 'हे प्राथमिक संशोधन आहे, टिकाऊपणा पुढच्या टप्प्यात पाहू.' प्राथमिक संशोधनाला कोणाचाच विरोध नाही. पण मग औषधाची भाषाही पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावी. बातमीत 'औषध' हा शब्द आजच वापरायचा आणि औषधाची कसोटी मात्र उद्यावर ढकलायची, हा व्यवहार भिलाईच्या कारखान्यात चालला असता तर रेल्वेने रूळ परत पाठवले असते. शिवाय ही कसोटी फार खर्चिक नाही. पेप्टाइड मानवी रक्तद्रवात मिसळून 37 अंश सेल्सिअसवर ठेवायचे, ठरावीक मिनिटांनी नमुने काढून विकरांची क्रिया थांबवायची, आणि प्रत्येक नमुन्यात अखंड पेप्टाइड किती उरले ते द्रव वर्णलेखनाने मोजायचे. जी प्रयोगशाळा पेप्टाइड बनवून त्याची शुद्धता तपासू शकते, तिच्याकडे यासाठी लागणारे मुख्य उपकरण असतेच.

दुसरे उत्तर : 'सामान्य वाचकाला अर्धायुष्य समजणार नाही.' हा वाचकाचा अपमान आहे. सकाळी घेतलेल्या गोळीचा अंमल संध्याकाळी उतरतो, हे घराघरांत माहीत असते. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी आणि एकदाच घ्यायची गोळी यांतला फरक आजीबाईंनाही कळतो. न समजणारी गोष्ट एकच आहे : जी सांगितलेलीच नाही ती.

तिसरे उत्तर सर्वांत गोड : 'तरुणांना प्रोत्साहन मिळते, कशाला नाउमेद करायचे?' संशोधन आणि विकासावर देशाच्या सकल उत्पन्नाच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च होत असताना प्रत्येक संस्थेला लक्ष वेधून घ्यावेसे वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण फुगवलेल्या बातमीने येणारा उत्साह उधारीचा असतो. पेप्टाइडवर काम करायला आलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी रक्तद्रवाचा प्रयोग करतो आणि त्याचे लाडके पेप्टाइड 4 मिनिटांत नाहीसे होते, तेव्हा त्याला वाटते की अपयश आपले आहे. हे घडणे हाच नियम आहे, हे त्याला पहिल्या दिवशी कोणी सांगितले नव्हते. नाउमेद करते ते सत्य नाही. उशिरा कळलेले सत्य नाउमेद करते.

आकडा दिला म्हणजे काम संपले, असेही नाही. तो कसा काढला हे विचारावे लागते, कारण या कसोटीत पळवाटा पुष्कळ आहेत. तपासणीसाठी रक्त घेताना जांभळ्या टोपणाची नळी वापरतात, ती अनेकांनी पाहिली असेल. तिच्यात ईडीटीए हे रसायन असते. ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही, आणि धातूवर चालणाऱ्या विकरांचा धातूही हिरावून घेते. कार्बॉक्सिपेप्टिडेझ-एन जस्तावर चालते, म्हणून त्या नळीतल्या रक्तद्रवात ते पंगू होते. आता जीवाणूनाशक पेप्टाइडे पाहा. जीवाणूंच्या ऋणभारित पटलाला चिकटण्यासाठी त्यांत लायसिन आणि आर्जिनिन यांची रेलचेल असते, म्हणजे या विकराचे आवडते खाद्यच. असे धनभारित टोक उघडे असलेले पेप्टाइड ईडीटीएच्या रक्तद्रवात छान टिकले, तर त्यातून एवढेच कळते की पहारेकऱ्याचे हात बांधले होते. काही प्रयोगांत आधी तापवलेले सीरम घेतात, काहींत दहा टक्क्यांपर्यंत पातळ केलेले गायीच्या वासराचे सीरम, काहींत उंदराचे रक्त. प्रत्येक ठिकाणी विकरांचे प्रमाण वेगळे, म्हणून आकडाही वेगळा. 'स्थिर' हा एकच शब्द या सर्वांवर पांघरूण घालतो.

आणखी एक प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही : तुटलेला तुकडा पुढे काय करतो? कार्बॉक्सिपेप्टिडेझ-एन ब्रॅडिकायनिनचे शेवटचे आर्जिनिन कापते, तेव्हा त्याचे मूळ काम थांबते; पण उरलेला आठ अमिनो आम्लांचा तुकडा दुसऱ्याच ग्राहीला जाऊन चिकटतो आणि दाहात वेगळी भूमिका बजावतो. म्हणजे विकर प्रत्येक वेळी निरोप फाडून टाकते असे नाही, कधी कधी निरोपाचा मजकूरच बदलते.

या मुद्द्यावर संशोधकांनीही सावध व्हायला हवे. विकराला शत्रू मानून त्याला हरवल्याच्या गर्जना करणारी भाषा बातमीइतकीच प्रयोगशाळेतही रुळली आहे. पण पेप्टाइडे वेगाने तुटतात म्हणूनच ती निरोप म्हणून उपयोगी पडतात. जेवण संपल्यावरही इन्सुलिनचा हुकूम घुमत राहिला, दाह ओसरल्यावरही ब्रॅडिकायनिन रेंगाळले, तर शरीराचे मातेरे होईल. याचा धडा ओमापॅट्रिलॅट या औषधाने दिला. रक्तदाब उतरवण्यासाठी ते पेप्टाइडे तोडणारी दोन विकरे एकाच वेळी रोखत असे. 25,000 हून अधिक रुग्णांवरील ऑक्टेव्ह चाचणीत रक्तदाब उतरला खरा. पण चेहरा, ओठ, घसा अचानक सुजण्याचा धोका जुन्या औषधावरील 0.68 टक्क्यांवरून 2.17 टक्क्यांवर गेला. ब्रॅडिकायनिन तुटायचे थांबले की काय होते, त्याचा हा हिशेब. औषध बाजारात येऊ शकले नाही. उलट बाजूने, प्रसूतीच्या वेळी वापरले जाणारे ऑक्सिटोसिन अवघी काही मिनिटे टिकते, आणि म्हणूनच ते शिरेतून थेंबाथेंबाने देऊन हवे तेव्हा थांबवता येते. आखूड अर्धायुष्य म्हणजे नापास, असा सरसकट निकाल त्यामुळे देता येत नाही. जखमेवर लावायच्या मलमाची गरज वेगळी, फुप्फुसात ओढून घ्यायच्या औषधाची वेगळी, आठवड्याला एकदा टोचायच्या औषधाची वेगळी. म्हणूनच आकडा हवा. आकडा असला की तो कोणत्या कामाला पुरेल, हे ठरवता येते. नसला की केवळ टाळ्या वाजवता येतात.

आणि हा आकडा विचारण्याची परंपरा भारतात नाही, असेही नाही. चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील गजेंद्र पाल सिंह राघव यांच्या गटाने 2016 साली 'पेपलाइफ' नावाचा संग्रह जगासाठी खुला केला. वेगवेगळ्या पेप्टाइडांच्या अर्धायुष्यांच्या दोन हजारांहून अधिक नोंदी, कोणत्या परिस्थितीत मोजले याच्या तपशिलासह, त्यात एकत्र केलेल्या आहेत. पुढे त्याच गटाने पेप्टाइडचे रक्तातील अर्धायुष्य संगणकाने वर्तवण्याची पद्धतही मांडली. ज्या देशातील शास्त्रज्ञांनी जगाला ही वही तयार करून दिली, त्याच देशाच्या विज्ञानवार्ता ती वही न उघडता लिहिल्या जातात. याला साधनांची कमतरता म्हणता येणार नाही. ही सवयीची कमतरता आहे.

या सवयीची किंमत कोण मोजते? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोक मधुमेहाचे रुग्ण आहेत. 2024 साली भिलाईच्या आयआयटीतील संशोधकांनी रक्तातील ग्लुकोज वाढले की इन्सुलिन सोडणारे हायड्रोजेल तयार केल्याची बातमी देशभर झळकली. इन्सुलिन हे स्वतःच 51 अमिनो आम्लांचे पेप्टाइड-संप्रेरक आहे. रक्तात आल्यावर काही मिनिटांतच ते निम्मे होते, आणि त्याचा निकाल मुख्यतः यकृतात व मूत्रपिंडांत लागतो. त्यामुळे गरज भासेपर्यंत इन्सुलिन सुरक्षित साठवून ठेवणे आणि योग्य क्षणी सोडणे, ही दिशा शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आणि अवघड आहे. 2016 साली सुरू झालेल्या तरुण संस्थेने ती निवडली, हे कौतुकास्पदच. पण रोज सुई टोचून घेणाऱ्या मुलाचे आईवडील अशी बातमी वाचतात, तेव्हा ती त्यांच्यासाठी विज्ञानवार्ता उरत नाही, ते वचन होते. म्हणून असल्या प्रत्येक बातमीने सांगायला हवे की प्रयोग नळीत झाला, प्राण्यात झाला की माणसात. सोडलेले इन्सुलिन किती वेळ काम करत राहिले. साखर उतरल्यावर सोडणे किती लवकर थांबले. यातले 'थांबले का' हे सर्वांत महत्त्वाचे, कारण वेळेवर न थांबलेले इन्सुलिन जीव घेऊ शकते.

मागणी मोठी नाही. संस्थांनी पेप्टाइडविषयीच्या प्रत्येक प्रसिद्धिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात एक ओळ घालावी : अमुक प्राण्याच्या अमुक प्रकारच्या रक्तद्रवात या पेप्टाइडचे अर्धायुष्य इतकी मिनिटे. मोजलेले नसेल तर 'अद्याप मोजलेले नाही' एवढे लिहावे; त्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. संपादकांनी ही ओळ नसलेले पत्रक परत पाठवावे. पीएच.डी. च्या मार्गदर्शकांनी रक्तद्रवाची कसोटी तिसऱ्या वर्षाऐवजी पहिल्या सहा महिन्यांत करून घ्यावी, म्हणजे साखळीची रचना बदलायला वेळ उरतो : टोक झाकता येते, साखळीचे वर्तुळ करता येते, एखादे अमिनो आम्ल आरशातल्या प्रतिमेचे बसवता येते, मेदाम्लाची शेपटी जोडता येते. आणि विद्यार्थ्यांनी, वाचकांनी, अशी बातमी पुढे पाठवण्याआधी तिच्याखाली चार प्रश्न लिहावेत. कोणाच्या रक्तात मोजले? कोणत्या नळीतल्या? किती मिनिटे टिकले? तुकड्यांचे काय झाले?

बातमीदाराला उत्तर ठाऊक नसेल तर तो संशोधकाला विचारील. संशोधकाने मोजले नसेल तर तो मोजायला जाईल. दहा जणांनी दहा वेळा हे प्रश्न विचारले, की अकराव्या प्रसिद्धिपत्रकात ती ओळ आपोआप येईल. रुळाची तपासणीसुद्धा कारखान्याच्या हौसेखातर होत नाही. घेणारा तपासल्याशिवाय घेत नाही, म्हणून होते.